जुन्या वर्तमानपत्रांतील जाहिराती : यंत्रे आणि रामबाण औषधे

पनवेलच्या गाडीच्या चाकांना कधी जाहिरात करावी लागली नाही. बोरघाट उतरून येणारा पुण्याचा रस्ता पूर्वी पनवेलच्या बंदराशी येऊन मिळे, आणि पुढे मुंबईला जायचे ते गलबतातून. रेल्वे १८५६ साली खोपोलीपर्यंत आणि १८६३ साली घाट चढून गेली तेव्हा ही वर्दळ बरीचशी आटली; परंतु चाकांचा धंदा टिकला. इंग्रजी अमदानीतील सरकारी गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य व्यवसाय म्हणून गाड्या व चाके करण्याचाच उल्लेख सापडतो. देशावरून माल घेऊन उतरलेला गाडीवान परत जाताना येथून चाकांची नवी जोडी घेऊन जाई. घेताना तो तुंबा ठोकून पाही, आरे हलवून पाही, धाव नीट बसली आहे की नाही ते बोटाने चाचपून पाही आणि मग भावाची घासाघीस करी. चाक वाईट निघाले तर पुढच्या खेपेस त्याच सुताराच्या दारात उभे राहून चार शब्द सुनावण्याची सोय होती.

त्याच आपल्या पनवेलात १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी श्री धूतपापेश्वर या नावाने आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. (हेच नाव धारण करणारे शंकराचे प्राचीन देवस्थान राजापूरजवळ धोपेश्वर येथे आहे.) औषध हा माल चाकासारखा नव्हे. बाटली ठोकून पाहता येत नाही, गोळी बोटाने चाचपून कळत नाही. वैद्य ओळखीचा असेल तर त्याच्या तोंडाकडे पाहून पुडी घ्यायची. पण वैद्य शंभर कोसांवर असला तर? तर त्याचा छापील शब्द हीच काय ती ओळख. गेल्या शतकाच्या व त्याआधीच्या शतकाच्या वर्तमानपत्रांची मागची पाने भरून गेली ती या छापील शब्दाने. हा छापील शब्द खरा की खोटा, हे ठरवण्याचे साधन घेणाऱ्याच्या हाती किती होते, एवढ्याच एका प्रश्नाकडे या लेखात पाहावयाचे आहे. कारण यंत्रांच्या जाहिरातीत याचे उत्तर एक निघते आणि औषधांच्या जाहिरातीत अगदी दुसरे.

जाहिरात आणि वर्तमानपत्र ही भावंडे जुळीच म्हणावी लागतील. हिंदुस्थानातील पहिले वृत्तपत्र हिकी नावाच्या आयरिश गृहस्थाने १७८० साली कलकत्त्यास काढले, त्याच्या लांबलचक नावातच 'जनरल ॲडव्हर्टायझर' हे शब्द होते. मराठीत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ साली निघाले, पुण्याचे 'ज्ञानप्रकाश' १८४९ साली, 'केसरी' १८८१ साली. वर्गणीदार थोडे, त्यांतही वर्गणी वेळेवर देणारे त्याहून थोडे, तेव्हा जाहिरातीच्या पैशांवाचून पत्र चालवणे कठीणच होते. पहिल्या पानावर सरकारशी झुंज आणि शेवटच्या पानावर ज्वरावरील गोळ्या, असा तो संसार होता. याला मोठा अपवाद महात्माजींचा. 'नवजीवन' आणि 'यंग इंडिया' ही आपली पत्रे त्यांनी जाहिरातींवाचून चालवली. पण महात्माजींना जे जमले ते सर्वच संपादकांना जमणे शक्य नव्हते.

जाहिरातीला खरे पाय फुटले ते टपालखात्यामुळे. १८७७ साली व्ही. पी.ची पद्धत सुरू झाली आणि १८८० साली मनिऑर्डर आली. मग मुंबईच्या गिरगावातील किंवा काठेवाडातल्या जामनगरातील औषधवाला आणि कोकणातील एखाद्या आडगावची बाई यांच्यामध्ये पोस्टमन तेवढा उरला. जामनगरच्या मणिशंकर गोविंदजी यांच्या 'आतंकनिग्रह' गोळ्या किंवा गिरगावचे डोंगरे यांचे 'बालामृत' ही नावे घरोघर माहीत झाली ती या मार्गाने. व्ही. पी.ची एक खुबी मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पैसे आधी मोजायचे, पुडके मग उघडायचे!

आता यंत्रांकडे वळू. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर तयार केला. माल चांगला होता, कारागिरी चांगली होती. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज असल्यामुळे पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळावयास जवळजवळ दोन वर्षे लागली. ही हकिकत पुष्कळांनी वाचली असेल. मला तीत महत्त्वाचे वाटते ते हे की, एकदा नांगर शेतात गेल्यावर वाद संपला. तास किती खोल गेला, बैल किती दमले, पीक किती आले, हे शेजारच्या बांधावरून दिसत होते. जाहिरातीने शेतकऱ्याला दुकानापर्यंत आणले असेल, पण निकाल दिला तो जमिनीने. नांगर खोटा असता तर कितीही स्तंभ भरून जाहिराती दिल्या तरी दुसरे वर्ष उजाडले नसते.

१९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनजवळ, किर्लोस्करवाडी वसली. तेथून १९२० साली कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' निघाली. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शंकरराव किर्लोस्कर तिचे संपादक. खबर म्हणता म्हणता ते 'किर्लोस्कर' नावाचे मासिक झाले, आणि १९३० साली त्याच वाडीतून 'स्त्री' मासिक निघाले. आपल्या आयाआज्यांनी पदरचे पैसे घालून, प्रसंगी शेजारणीकडून मागून वाचलेल्या 'स्त्री'चे मूळ अशा रीतीने नांगराच्या जाहिरातीशी जाऊन पोहोचते. भगिनींनो, जाहिरातीला सरसकट नावे ठेवताना एवढे आठवावे.

घरात शिरलेले पहिले मोठे यंत्र शिवणाचे. सिंगर कंपनीने हप्त्याने पैसे फेडण्याची सोय ठेवली, आणि जाहिरातीतली सुबक स्त्री यंत्रापुढे बसून हसू लागली. यंत्रांना एरवी विरोध करणाऱ्या महात्माजींनीही १९२४ साली शिवणयंत्राला आपल्या विरोधातून वगळले होते. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून प्रेमापोटी सिंगरने हे यंत्र शोधले, असे ते म्हणाले. कथा मोठी गोड आहे, यात संशय नाही. पण सिंगरसाहेबांचे चरित्र वाचले तर त्यांचे संसार एकाहून अधिक होते आणि मुले वीसवर होती असे दिसते. तेव्हा नेमक्या कोणत्या पत्नीचे कष्ट पाहून, हे सांगणे अवघड! ते असो. यंत्र मात्र खरोखरच टाके घालीत होते, आणि किती विधवांनी त्याच्यावर आपली मुले वाढवली याची गणती कोणी ठेवलेली नाही.

तथापि, यंत्राची जाहिरात सर्वच सांगत नसे. आपला हा भाताचा मुलूख. भातगिरणीच्या आणि तेलावर चालणाऱ्या इंजिनाच्या जाहिरातीत 'श्रम वाचतील, मजुरी वाचेल' असे असायचे. श्रम वाचले हे खरेच; पहाटे तीनला उठून दळणकांडण करणाऱ्या सासुरवाशिणीला गिरणी देवासारखी वाटली असेल. पण जी बाई दुसऱ्याचे भात कांडून दोन पायल्या तांदूळ मिळवी, तिचीच मजुरी त्या वाचलेल्या मजुरीत होती. जाहिरात दिली होती गिरणीच्या मालकासाठी. उखळाजवळ बसलेल्या बाईने ती वाचावी अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

औषधांची गोष्ट याहून नाजूक आहे. प्रथम 'पेटंट औषध' या शब्दाचाच घोटाळा पाहा. पेटंट घ्यायचे म्हणजे आपली कृती सरकारदरबारी उघड करावी लागते. मग ठरावीक मुदतीपर्यंत ती दुसऱ्याने वापरू नये, असे संरक्षण मिळते. या औषधवाल्यांना कृती उघड करावयाची नव्हती. म्हणून त्यांनी केली ती फक्त नावाची व चिठ्ठीची नोंदणी. म्हणजे ज्यांना पेटंट म्हणत, ती बहुतेक मुळी पेटंटच नव्हती. गुप्त ठेवणे हाच त्यांचा धंदा होता.

या धंद्याचा मोठा आचार्य म्हणजे लंडनचा टॉमस हॉलोवे. १८३७ च्या सुमारास त्याने गोळ्या व मलम विकावयास सुरुवात केली आणि जगातील बहुतेक भाषांतून, आपल्याकडील भाषांतूनही, जाहिराती दिल्या. हिंदुस्थानातील इंग्रजी पत्रांत त्याच्या गोळ्या ज्वरापासून जखमेपर्यंत सर्वांवर चालत. दुसरे असेच बीचमसाहेब. त्यांची डबी एका गिनीच्या मोलाची असल्याची ग्वाही ते स्वतःच देत. १९०९ साली ब्रिटिश डॉक्टरांच्या संघटनेने अशा गुप्त औषधांचे पृथक्करण करून पुस्तक छापले, तेव्हा बीचमच्या गोळीत निघाले काय? काळा बोळ, सुंठ आणि साबण. छप्पन्न गोळ्यांच्या सामानाची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने पैशाचाही अंश. आपल्या घरच्या बटव्यात काळा बोळ नि सुंठ होतीच, साबण तेवढा मोरीत होता!

ग्राइप वॉटरची कथा तर घरोघरची. नॉटिंगहॅमच्या वुडवर्डने १८५१ साली ते काढले आणि पुढे आपल्याकडे बाळकृष्णाच्या चित्राची कॅलेंडरे वाटून ते थेट देवघराशेजारी नेऊन टांगले. त्यात सोडा, साखर, पाणी, सुमारे साडेतीन टक्के मद्यार्क आणि शेपांचे तेल. शेपा म्हणजे आपल्याच बाळंतशेपा! ज्या बाळंतिणीच्या उशाशी शेपांचे पाणी ठेवलेले असे, तिच्याच सुनेने तेच पाणी विलायती बाटलीतून विकत घेतले, आणि सोबत थोडी दारूही. विलायतेत त्यातील मद्यार्क काढून टाकला गेला तो थेट १९९२ साली. यापेक्षा वाईट प्रकार अमेरिकेत होता. मिसेस विन्स्लो यांच्या 'सूदिंग सिरप'मध्ये मॉर्फिन असे. मूल रडायचे थांबे, कधी कधी कायमचेच. मात्र विलायतेला दोष देऊन मोकळे होण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांतून कामावर जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन जात. त्या गोळीला जाहिरातीची गरजच पडली नाही.

आता औषध घेऊन गुण आला, असे म्हणणाऱ्यांची प्रशस्तिपत्रे जाहिरातीत छापलेली असत, ती सगळीच खोटी होती काय? मला तसे वाटत नाही. पुष्कळसे ताप, खोकले, पोटदुख्या आपोआपच बऱ्या होतात. सातव्या दिवशी उतरणारा ताप, सहाव्या दिवशी घेतलेली गोळी. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास. पत्र लिहिणारा प्रामाणिक असतो. ज्याला गुण आला नाही तो पत्र लिहीत नाही, आणि जो दगावला तो तर लिहूच शकत नाही. नांगराच्या बाबतीत जमिनीने जो निकाल दिला, तसा निकाल येथे देणारे कोणीच नव्हते.

त्यातून स्त्रियांच्या विकारांवरील औषधांचे प्रकरण सर्वांत काळजीचे. पाळी, गर्भ, वंध्यत्व, धुपणी ही दुखणी बाई नवऱ्यापाशीसुद्धा उघड बोलत नसे, मग पुरुष डॉक्टरपुढे कोठून? तिच्यासाठी जाहिरात हा एकच 'वैद्य' असा होता की, जो न विचारता बोले आणि पुडके बंद ठेवून पाठवी. या संकोचाचे विलायतेत काय झाले ते पाहा. १८९८ साली लंडनच्या न्यायालयात क्राइम्स नावाच्या तिघा भावांना शिक्षा झाली. बंद झालेली पाळी सुरू करण्याच्या गोळ्या ते जाहिरातीने विकत. गर्भपातासाठीच त्या मागवल्या जात, हे दोन्ही बाजूंना ठाऊक. मागणीच्या पत्रांवरून हजारो स्त्रियांची नावे व पत्ते जमले. मग या भावांनी त्या स्त्रियांना धमकीची पत्रे पाठवली की, तुमचे कृत्य बेकायदा आहे, पैसे द्या, नाही तर फिर्याद होईल. गोळी निरुपयोगी होती, पण ती मागवणाऱ्या बाईची लाज पुरेपूर उपयोगी पडली! तक्रार करायची तर आपणच आरोपी, अशा कोंडीत सापडलेल्या पुष्कळजणींनी निमूटपणे पैसे भरले.

आणि याच काळातील एक वर्ष मनात घोळत राहते, ते १८८६. त्या वर्षी मार्चमध्ये आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले होते, आणि स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी हा ध्यास त्यांनी त्यानंतर घेतला. त्याच वर्षी मुंबईत केवळ स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा हॉस्पिटल उघडले. आणि त्याच वर्षी इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीने मुलींच्या एका भव्य महाविद्यालयाचे उद्घाटन केले. ते बांधले होते आपल्या वर सांगितलेल्या हॉलोवेने, गोळ्यांच्या पैशांतून! जाहिरातीच्या गोळ्यांनी बायका बऱ्या झाल्या असतील वा नसतील. त्या गोळ्यांच्या नफ्यातून पुष्कळजणी शिकल्या मात्र. याला पुण्य म्हणावे की प्रायश्चित्त, ते ज्याने त्याने ठरवावे. आनंदीबाई पुढच्याच वर्षी, १८८७ साली, क्षयाने गेल्या.

आपल्या देशात कायदा जागा व्हावयास वेळ लागला. कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली १९३० साली औषध चौकशी समिती नेमली गेली व तिने बाजारातील भेसळ व फसवणूक सरकारपुढे मांडली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९४० साली औषधांचा कायदा झाला. जाहिरातींना आवर घातला तो स्वतंत्र भारताने, १९५४ च्या कायद्याने. जादूचे उपाय आणि काही ठरावीक रोगांवरील औषधे यांच्या जाहिरातींना त्याने बंदी केली. आणि त्यात गर्भपाताच्या व मासिक पाळीच्या विकारांवरील औषधांच्या जाहिराती स्पष्ट शब्दांत नमूद आहेत. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्याने व इतरांनी या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. जाहिरात हे भाषणस्वातंत्र्य आहे, असे त्यांचे म्हणणे. १९५९ साली न्यायालयाने कायद्यातील काही भाग रद्द केला, पण अशा औषधांची व्यापारी जाहिरात म्हणजे घटनेला अभिप्रेत असलेले भाषणस्वातंत्र्य नव्हे, असे सांगितले. १९६४ साली आयुर्वेदीय औषधेही औषध कायद्याच्या कक्षेत आली.

आयुर्वेदाच्या बाजूने येथे एक न्यायाची गोष्ट सांगितली पाहिजे. अशोकारिष्ट, द्राक्षासव, च्यवनप्राश ही औषधे कोणाच्या घरची गुपिते नव्हेत. त्यांचे पाठ ग्रंथांत आहेत. कोणत्याही वैद्याला ते उघडून घटक आणि प्रमाण पाहता येते. पनवेलच्या कारखान्याने केले, किंवा चेंबूरच्या सांडू बंधूंनी १८९९ पासून केले, ते मुख्यतः असे की, पूर्वी वैद्याच्या खलात घोटली जाणारी औषधे मोठ्या प्रमाणावर करून बाटलीत भरली. जाहिराती त्यांनीही दिल्या. मराठी मासिकांची जुनी पाने उलटली तर धूतपापेश्वराचे नाव वारंवार भेटते. पण अशोकारिष्ट म्हटले की त्यात अशोकाची साल असली पाहिजे, हे विकणाऱ्याला व घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असे. बाटली पिऊन सर्वांनाच गुण येई, असा याचा अर्थ नव्हे. शास्त्रोक्त औषधाचीही परीक्षा रोग्यावरच व्हायची असते. परंतु 'यात काय आहे?' या प्रश्नाला येथे उत्तर होते. गुप्त गोळीवाल्याकडे ते नव्हते. या कारखान्याला २०२२ साली दीडशे वर्षे झाली. चाके करणारे सुतार मात्र मोटारीच्या टायरापुढे कधीच हरले.

आपल्यापैकी कित्येकींच्या माळ्यावर जुनी मासिके, पंचांगे, औषधांच्या काचेच्या बाटल्या, शिवणयंत्राच्या हप्त्यांच्या पावत्या पडून असतील. मजकुराची पाने पुष्कळजण जपतात. जाहिरातींची पाने रद्दीत जातात किंवा फळीवर अंथरली जातात. अशी पाने हाती लागली तर फाडू नयेत. त्यांवर कोणत्या वर्षाचा अंक, एवढे पेन्सिलीने लिहून मंडळाच्या कपाटात आणून द्यावीत, म्हणजे सर्वांना पाहावयास मिळतील. बाटल्या आणल्यास त्यांवरील चिठ्ठी धुऊ नये.